फुकट मुक्कामाचा दर

‘कारवान’ हा मूळचा फारसी शब्द. व्यापाऱ्यांच्या उंटांमागोमाग तो युरोपात गेला, तिथे त्याला चाकं लागली, पुढे गादी, फ्रिज आणि कमोड लागला, आणि २०२१ साली ‘कॅरव्हॅन पर्यटन धोरण’ या नावाने तो महाराष्ट्र शासनाच्या कागदावर साहेब होऊन परतला. उंटावरून गेलेला शब्द एसीत बसून आला की घरच्यांनी त्याला ओळखू नये, हे साहजिकच आहे. नाहीतर मराठीत त्याच्या अगदी मापाचा शब्द होता: तांडा. पण ‘तांडा पर्यटन धोरण’ म्हटलं असतं तर एकही गाडी खपली नसती. शिवाय तो शब्द सरकारदरबारी आधीच दुसऱ्या खात्यात नोकरीला लागलेला आहे. वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजनेतला तांडा म्हणजे एका जागी बसलेली वस्ती. तिला रस्ता, नाली आणि हातपंप द्यायचा असतो. जो मुळात चालता होता तो तांडा बसला, आणि ज्यांना बसायला तीन खोल्यांचा फ्लॅट आहे ते चालायला निघाले. सरकार दोघांनाही मदत करतं, हा सरकारचा मोठेपणा.

आता समजा, असं एक चाकांवरचं घर समृद्धी महामार्गावरून निघालं, शेलूबाजारच्या फाट्याला खाली उतरलं आणि वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावच्या शिवारात शिरलं. मालकाची इच्छा एवढीच की रानात, फुकट, दोन रात्री राहावं. राहता येईल का? माझं म्हणणं असं की येईल. या मुलखात चाकांवरची, बैलांवरची आणि घोड्यांवरची घरं शेकडो वर्षं फुकट उतरत आली आहेत. मात्र इथल्या फुकट मुक्कामाला दर आहे. तो पैशात मोजत नाहीत एवढंच. आणि नव्या गाडीघराची पंचाईत ही आहे की त्यात सगळं आहे, फक्त हा दर चुकवायचं चलन नाही.

ही हौस अमेरिकेत फार. तिथल्या राष्ट्रीय वनांत ठरलेल्या छावणीबाहेर, कुठल्याही सोयीविना, बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. चौदा दिवस झाले की गाडी हलवायची. सोय काहीच नसल्यामुळे सगळी सोय गाडीत असते. पाण्याच्या टाक्याच तीन. एकीत ताजं पाणी, दुसरीत भांडी-आंघोळीचं राखाडी पाणी, आणि तिसरीत ते ज्याला तिकडे ‘ब्लॅक वॉटर’ म्हणतात. आपल्याकडे काळ्या पाण्यावर जाणं म्हणजे जन्मठेप भोगायला अंदमानला जाणं. तिकडे काळं पाणी बरोबर घेऊन माणसं सुट्टीवर निघतात, आणि टाकी भरली की ती रिकामी करायचं अधिकृत ठिकाण शोधत चाळीस-पन्नास मैल जातात. निसर्गाच्या सान्निध्यात राहणाऱ्याचं निम्मं लक्ष कायम या तिसऱ्या टाकीच्या काट्यावर असतं. लोटा घेऊन निघणाऱ्या आपल्या पूर्वजांना निसर्गाचं सान्निध्य याहून स्वस्तात साधलं होतं. पण हागणदारीमुक्त जिल्ह्यात हा मुद्दा फार ताणू नये.

आसेगावच्या आसपास ही अमेरिका कायद्याने कुठे बसते ते पाहू. कारंजा-सोहोळ अभयारण्य जिल्ह्यातच आहे, २००० साली काळविटांसाठी राखलेलं, १८.३२ चौरस किलोमीटरचं. वाशिम आणि अकोला जिल्ह्यांच्या सीमेवर काटेपूर्णा आहे, ते १९८८चं. पण अभयारण्यात शिरायलाच १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तिथे आपल्या मर्जीने गाडी लावून रात्र काढायचा हक्क फक्त काळविटाला, आणि त्याच्याकडे गाडी नाही. राखीव जंगल म्हणावं तर १९२७च्या वन कायद्याचं २६वं कलम आडवं येतं. त्यात अतिक्रमण, जाळ आणि चराई सगळंच बसतं. उरली ती वऱ्हाडातली खास चीज: ई-क्लास. ही सरकारी गायरानाची जमीन प्रत्येक गावाला ठाऊक असते आणि तिचा नकाशा फक्त तलाठ्याला ठाऊक असतो. अमेरिकेने चौदा दिवसांची मर्यादा का घातली असेल, हे ई-क्लास पाहिलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. इथे चौदा दिवस जो टिकला त्याची पंधराव्या दिवशी चूल पेटते, महिन्याने पत्रे चढतात, वर्षाने अंगणात तुळस येते आणि निवडणुकीच्या तोंडावर अतिक्रमण नियमित करण्याचं निवेदन तहसीलदाराकडे जातं. फुकट जागेत थोडे दिवस राहणं ही कला वऱ्हाडी माणसाला जमत नाही. तो एकतर राहत नाही, किंवा कायमचा राहतो.

तरीही लोक राहत आलेच. एकोणिसाव्या शतकात वणीकडे पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेज नावाच्या इंग्रजाने वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांची माहिती लिहून ठेवली. त्यात ऐकीव हकिकत येते ती मोगल सरदार आसफखानाच्या १६३०च्या आसपासच्या दख्खन स्वारीची. फौजेला धान्य पुरवायला जंगी आणि भंगी नाईकांचे तांडे होते, बैल एक लाख ऐंशी हजार. या नाईकांना म्हणे सोन्याच्या अक्षरांतला ताम्रपट मिळाला. त्याचा मतलब असा: पाणी मिळालं नाही तर घरातल्या रांजणातून घ्या, चारा मिळाला नाही तर छपराचं गवत ओढा, आणि दिवसाला तीन खून माफ, अट एकच, आसफखानाचे घोडे जिथे असतील तिथे तुमचे बैल हजर पाहिजेत. दख्खनमधली फुकट मुक्कामाची ही बहुधा सर्वांत मोठी परवानगी. आजच्या कॅरव्हॅनवाल्यांनी तिसऱ्या सवलतीची मागणी केल्याचं ऐकिवात नाही. हकिकतीत तिखटमीठ किती ते सोडून देऊ, पण हिशेब बघा: पाणी आणि चारा फुकट, कारण पाठीवर धान्याच्या गोण्या आहेत. लढाई नसे तेव्हाही लमाणांचे बैल मीठ आणत, धान्य नेत. समुद्र कधी न पाहिलेल्या गावाच्या वरणात मीठ पडायचं ते त्यांच्या पाठीवरून. असा माणूस गावाबाहेर चार रात्री उतरला तर त्याला भाडं कोण मागणार? पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, मीठ वॅगनीतून येऊ लागलं, आणि ज्या गावांनी वाट पाहिली असती तीच गावं हेच लोक इथे का उतरले म्हणून विचारू लागली. मुक्कामाची जागा तीच होती. चलन तेवढं बाद झालं.

हे चलन अजून चालतं कुठे ते पाहायचं तर मेंढपाळाकडे पाहावं. पिकं निघाली, रान मोकळं झालं की धनगरांचे कळप शिवारात उतरतात. घोड्यावर संसार: पातेली, गोधडी, दोरखंड, झोळीतून मान काढलेलं दोन दिवसांचं कोकरू, आणि सगळ्यांत वर पाय बांधलेली कोंबडी, जिच्या चेहऱ्यावर प्रवासाचा कंटाळा स्पष्ट दिसतो. संध्याकाळी खुंट ठोकून जाळीची वाघर लावतात आणि मेंढ्या आत बसवतात. दुसऱ्या दिवशी वाघर उचलून शेजारच्या पट्ट्यात. म्हणजे लेंडी आणि मूत सगळ्या वावरात सारखं पडतं. इंचाइंचाचा हिशेब असतो, कारण शेतकरी सकाळी चालून बघतो. याला म्हणतात मेंढरं बसवणं. या मुक्कामाचं भाडं धनगर देत नाही, शेतकरीच त्याला देतो, रात्रीच्या हिशेबाने, धान्यात नाहीतर रोख. जगभरच्या गाडीघरवाल्यांना हे समजलं तर त्यांची झोप उडेल: ते आपली तिसरी टाकी रिकामी करायला जागा शोधत हिंडतात, आणि इथे त्याच मालाचे पैसे घेऊन लोक मुक्काम करतात. घिसाड्याचंही तसंच. गावकुसाबाहेर बैलगाडी सोडली, भाता लावला की दुपारपर्यंत वखराच्या पासा, विळे आणि कुऱ्हाडी घेऊन लोक हजर. गाडीखाली संसार आणि गाडीपुढे दुकान. त्याची जागा कुणाची, हे कुणी विचारत नाही. धार कधी लागेल हे विचारतात.

फार मागे जायचीही गरज नाही. या देशात चाकांवरच्या घरात राहणारा सर्वांत मोठा वर्ग ट्रकवाल्यांचा आहे. केबिनमध्ये बिछाना, देव, उदबत्ती, स्टोव्ह, आरसा, आणि मायक्रोवेव्हऐवजी क्लीनर. त्याला रात्री ढाब्यावर बाज फुकट मिळते. दर एवढाच की जेवण तिथेच करायचं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना वाशिम जिल्ह्यातून जाते. तिच्या मुक्कामाला जागा, पाणी, पंगत सगळं फुकट, आणि गाव वर पायाही पडतं. वारकऱ्याचं चलन सगळ्यांत हलकं: तो पुण्य आणतो आणि त्याला टाकी लागत नाही.

आता आपल्या गाडीघराकडे या. ते आणतं काय? त्याची सगळी शान त्याला काहीच लागत नाही यात आहे. पाणी टाकीत, वीज छपरावरच्या सोलरमध्ये, भाजी फ्रिजमध्ये, करमणूक मोबाइलमध्ये, आणि शेजार काळ्या काचेपलीकडे. मेंढपाळाला पाणी लागायचं म्हणून तो विहिरीवर जायचा, विहिरीवर गेला की बोलणं व्हायचं, बोलणं झालं की सोयरीक निघायची. तुमची गाडी आसेगावच्या शिवारात थांबली की पाचव्या मिनिटाला एक मोटरसायकल येणार. तीवर तिघं. पहिला प्रश्न, “कोन्या गावचे हो भाऊ?” दुसरा, “कोनाच्या घरी आले?” या मुलखात अनोळखी माणूस ही जातच नसते, प्रत्येक जण कुणाचा तरी जवाई, साडू किंवा पाव्हणा असतो, आणि नसेल तर विम्याचा एजंट असतो. तुम्ही सांगणार की कोणाकडेच नाही, सहज आलो. तिसरा प्रश्न, “मंग इथं काय करून राह्यले?” याचं उत्तर ‘काही नाही, शांतता अनुभवतोय’ असं दिलंत की मोटरसायकल गावात जाणार आणि अर्ध्या तासात तीन येणार. काहीही न करता पडीक जमिनीवर बसलेला माणूस गुप्तधनवाला, जमीन मोजणीवाला किंवा मोबाइल टॉवरवाला, यांपैकी एक असलाच पाहिजे. सरकारला नुसते कागद हवे असतात. गावाला कारण हवं असतं.

यावर कुणी म्हणेल, हा भटक्यांच्या दारिद्र्याला उगाच गोंडा लावण्याचा प्रकार झाला. लमाण काय हौसेने फिरत होते? आक्षेप खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा याच देशातला. फिरणं हाच संशयाचा पुरावा मानून कितीतरी जमातींना पोलिसांकडे हजेरी द्यायला लावणारा, आणि त्यांची सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही ‘विमुक्त जाती’ या यादीत मोडतो. स्वातंत्र्यानंतर मिळालेल्या मुक्ततेची ती पावती. जे गाव मेंढपाळाला वावर द्यायचं तेच कोंबडी हरवली की त्याच्या पालात डोकावायचं. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो. चाकं लाकडी असली की तो माणूस कुठून आला याची चौकशी, चाकं रबरी असली की तो पर्यटक आणि करात सवलत. एकाच रानात, एकाच झाडाखाली, दोन माणसं विनापरवाना झोपली असतील तर दंडा कोणाच्या टाचेला आधी लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी हक्काचा उल्लेख आहे. त्याच्या माहितीपत्रकावर मात्र अजून सोफा-कम-बेडचा फोटो आलेला नाही. बाकी मानोरा तालुक्यात पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीजवळ ऑक्टोबर २०२४मध्ये नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उघडलं आहे. चालत्या घरांचा इतिहास ज्यांना पाहायचा त्यांनी गाडी आधी तिकडे वळवावी. तिथे प्रश्नही विचारत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त शहरी आहे. माणसाला एकांत हवा असतो हो, अमेरिकेत मिळतो, इथे का नको? अमेरिकेत तो मिळतो, कारण ती जंगलं मोकळी सापडलेली नाहीत. तिथे आधीच राहणाऱ्या लोकांना हुसकून ती मोकळी केलेली आहेत. आपल्याकडचं रान कधी मोकळं नव्हतंच. ज्या पळसाखाली तुम्हाला कुणीच नाही असं वाटतं, त्या पळसाची पानं कुणाच्या पत्रावळीसाठी ठरलेली असतात, त्याखालची वाट कुणाच्या बकऱ्यांची असते, आणि पलीकडच्या दगडाला शेंदूर असतो. वऱ्हाडी माणूस रानात एकांतासाठी जातच नाही, तो रोडग्यांसाठी जातो, तेही पंचवीस-तीस जणांना घेऊन. जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांची हार, आर झाला की त्यात रोडगे, मग फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे, आणि बाजूला वांग्याची अशी भाजी की नाकातून पाणी यावं. वनभोजनाच्या या प्रकाराला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे एकटा माणूस.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. पर्यटक आले की गावाच्या हाताला काम मिळेल. कुठल्याही धोरणात हे वाक्य असतंच, आणि हॉटेलच्या बाबतीत ते खरंही आहे. पण ज्या वाहनाची जाहिरातच ‘तुम्हाला कुणाचीच गरज पडणार नाही’ अशी असते, ते कुणाला कामावर ठेवणार? फार तर पंक्चरवाल्याला, आणि शिवारातल्या पाणंद रस्त्याचा पावसाळ्यातला चिखल पाहता ट्रॅक्टरवाल्याला. तो ओढून काढायचे पैसे घेईल, आणि हा अनुभव गावात चार वर्षं फुकट सांगेल. त्यापेक्षा २०२०चं कृषी पर्यटन धोरण मला अधिक शहाणं वाटतं. त्यात निदान यजमान नावाचा माणूस आहे.

मग गाडीघराने आसेगावला यावंच नाही का? यावं. फक्त दर समजून यावं. आणि या भागात आज असं एक चलन आहे की त्याला गाव कधीच नाही म्हणणार नाही. इथला शेतकरी हिवाळाभर रात्री रानातच असतो. हौसेने नव्हे. रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप आणि रानडुकरं हरभरा-तुरीवर उतरतात, म्हणून तो जागलीला जातो. मचाणावर नाहीतर धुऱ्यावर, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा, आणि खाली विझत आलेली शेकोटी. तासातासाला उठून हाळी द्यायची. कुंपणाला विजेची झटका मशीन लावलेली असली तरी तिच्यावर विसंबून झोप लागत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, पण तो रोह्याला दाखवून रोही थांबत नाही. दिवसभर काम आणि रात्रभर जागल. ताऱ्यांखाली, जंगलाच्या काठाला, वन्यप्राण्यांच्या सहवासात, विनामूल्य! गाडीघरवाला ज्याच्यासाठी लाखो रुपये मोजून निघाला ते सगळं या माणसाकडे रोज रात्री असतं, आणि त्याला ते एक रात्र तरी कुणाला देऊन टाकायचं असतं.

सौदा इतका सरळ आहे की त्याला धोरण लागू नये. तुम्हाला रात्रभर रान हवं, त्याला रात्रभर झोप हवी. धुऱ्याला गाडी लावा आणि जागल तुम्ही करा. रोही दिसला की फोटो काढण्याआधी ओरडा, एवढी मात्र अट राहील. तो फोटोसाठी नीट उभा राहतो, आणि तोवर बाकीचा कळप हरभऱ्याच्या चार ओळी संपवतो. सकाळी शेताचा मालक डोळे चोळत येईल, ओळी बघत एक फेरी मारेल, आणि नुकसान नसेल तर गोवऱ्या पेटवेल. मग कोन्या गावचे, हे पुन्हा कुणी विचारणार नाही.

तेव्हा यायचं असेल तर हरभऱ्याला घाटे धरले की या. उन्हाळ्यात नको, तेव्हा टँकरची वाट गावच पाहत असतं. पाण्याची टाकी मात्र रिकामी आणा, म्हणजे विहिरीवर जाणं होईल. बॅटरीचे सेल नवे आणा.